इराणी गालिचे: नाव नक्षीचं की गावाचं?

मंजिष्ठा

‘काशान’, ‘तब्रीझ’, ‘नाईन’ अशा चिठ्ठ्या लावलेले गालिचे हल्ली कुठल्याही मोठ्या प्रदर्शनात दिसतात. कोपरा उचलून पाहिलं की कळतं, एक उत्तर प्रदेशातल्या भदोहीत विणलेला आहे, दुसरा काश्मिरात, आणि तिसरा तर यंत्रावरच निघालाय. विक्रेत्याला विचारावं तर उत्तर ठरलेलं: "डिझाइन काशानचंच आहे ना, मॅडम!"

माझं म्हणणं असं की ही इराणमधल्या गावांची नावं आहेत आणि प्रत्येक गावाची विणायची रीत वेगळी आहे. ताणा म्हणजे उभे धागे कशाचे, गाठ कुठली, गाठींच्या दोन ओळींमध्ये बाण्याचे म्हणजे आडवे किती धागे, लोकर कुठली, रंग कुठले, हे सगळं जमलं की त्याला काशान म्हणायचं. वरची वेलबुट्टी हा त्यातला फक्त एक भाग झाला.

नक्षीची थोडी ओळख करून देते, म्हणजे बोलायला सोपं जाईल. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येते ती ‘लचक-तोरंज’ मांडणी. मधोमध मोठं पदक म्हणजे तोरंज, आणि चारही कोपऱ्यांत साधारण त्याच घडणीचे चतकोर, ते लचक. हस्तलिखितांच्या बांधणीवर आणि सोनेरी पानांवर अशी मांडणी असायची, तिथून ती इराणच्या सफवी राजांच्या काळात गालिच्यावर उतरली. पदक नसून सगळीभर फुलंच फुलं असतील तर ‘अफशान’. मोठी, कापलेल्या डाळिंबासारखी दिसणारी फुलं ‘शाह अब्बासी’. आणि मला सगळ्यांत आवडते ती ‘माही’, जिला बाजारात ‘हेराती’ म्हणतात: मध्ये एक फूल, त्याभोवती चौकट तिरकी उभी, आणि चौकटीच्या चारही बाजूंना बाक दिलेलं एकेक लांब पान. ती पानं म्हणजे तळ्यात फेर धरणारे मासे, असं विणणारे सांगतात.

तुम्ही काय पाहिलंय, काय विकत घेतलंय, कुठे फसलात, सगळं लिहा. आणि नाव नक्षीवरून द्यावं की गावावरून, तेही सांगा.

पोटोबा

इराणी म्हटलं की माझं मन थेट बनमस्क्याकडे धावतं. पण चर्चेचा धागा मस्त आहे, जागा धरून बसतो. खाली गालिचा असल्यास उत्तम.

शंकासूर

मंजिष्ठाताई, माझा विरोध नोंदवून घ्या. आज बहुतेक पैठणी येवल्यात विणली जाते. तिला आपण ‘येवली’ म्हणतो का? पैठणीच म्हणतो, आणि अभिमानानं म्हणतो. कारागीर हलतात, रीत हलते, नाव सोबत जातं. मग काश्मिरात विणलेल्या काशानवर एवढा राग का?

विणकर_नात

शंकासूर, उदाहरण चांगलं काढलंत, पण ते तुमच्यावरच उलटतंय. येवल्यात नुसता मोर गेला नाही, विणायची पद्धत गेली. पदर अजूनही तिलीवर (रंगीत धाग्याच्या छोट्या कांडीवर), हातानं रंग अडकवत विणतात, म्हणून ती पैठणी. तोच मोर दुसऱ्या साडीवर छापला तर तिला कुणी पैठणी म्हणेल का? (म्हणणारे आहेत म्हणा, लग्नाच्या बस्त्याला भेटतात.)

माझं आजोळ सोलापूरचं, घरात माग होते. तिथे सगळं काम ताण्या-बाण्याचं आणि जकार्डचं. गालिच्याची लव नेमकी कशी उभी राहते हे मात्र मला कधी नीट कळलं नाही. मंजिष्ठा, सांगशील?

मंजिष्ठा

सांगते. माग उभा असतो, त्यावर सुती ताणा घट्ट ताणलेला. विणणारी समोर फळीवर बसते, डोक्याशी रंगीत लोकरीचे गुंडे लटकत असतात. ताण्याचे दोन धागे बोटानं पुढे ओढायचे, लोकरीचा धागा त्यांच्यात अडकवायचा, खाली खेचायचा आणि सुरीनं कापायचा. झाली एक गाठ. त्याची जी दोन टोकं पुढे राहतात तीच लव. अशी आडवी ओळ पुरी झाली की बाण्याचे धागे आरपार घालायचे आणि जड फणीनं ठोकून बसवायचे. मग पुढची ओळ. शेवटी सगळी लव कातरीनं एकसारखी करतात.

गाठ दोन तऱ्हेची. एकीत लोकर दोन्ही ताण्यांना गुंडाळून दोन्ही टोकं मधून एकत्र बाहेर येतात, ती सममित किंवा तुर्की गाठ. दुसरीत एका ताण्याला पूर्ण वेढा आणि दुसऱ्याच्या नुसतं मागून जायचं, ती असममित किंवा फारसी. काशान, इस्फहान, नाईन, कुम इथे फारसी गाठ. तब्रीझ, हेरीझ, बिजार, हमदान इथे तुर्की. तब्रीझचे विणकर हातात आकडा असलेली सुरी घेतात, आकड्यानं धागा ओढायचा आणि पात्यानं कापायचा. त्यांचा वेग बघताना डोळ्यांना गाठ दिसतच नाही. गंमत बघा, फारसी गाठीला व्यापारी ‘सेन्नेह गाठ’ म्हणतात. सेन्नेह म्हणजे आजचं सनंदज, आणि तिथले विणकर मारतात तुर्की गाठ!

शंकासूर

म्हणजे व्यापाऱ्यांनी नावांचा घोळ घालणं जुनंच आहे. मुद्दा माझ्या बाजूनं धरावा.

लंडनची_गौरी

गालिच्यांचा धागा आणि अर्दबीलचा प्रसिद्ध गालिचा नाही, असं कसं चालेल?

इथे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात तो जमिनीवरच पसरलाय, चहूबाजूंनी काच. साडेदहा मीटर लांब, पाच मीटरहून जास्त रुंद. रंग उडू नयेत म्हणून दर अर्ध्या तासानं फक्त दहा मिनिटं पूर्ण दिवे लावतात. बाकी वेळ मंद उजेड. मी मुद्दाम त्या दहा मिनिटांच्या वेळा साधते. दिवे लागले की गडद निळ्या जमिनीवर मधलं पिवळं पदक, त्याभोवती सोळा टोकदार पाकळ्या, आणि पदकाच्या वर-खाली टांगलेले दोन दिवे उठून दिसतात. एवढ्या मोठ्या कामात रंग फक्त दहा आहेत. ताणा-बाणा रेशमाचा, लव लोकरीची, गाठी अडीच कोटींहून जास्त.

एका टोकाला छोट्या चौकटीत फारसी कवी हाफिझच्या दोन ओळी विणल्यात, आशय असा की तुझ्या उंबरठ्यावाचून मला जगात आसरा नाही. खाली नाव मक्सूद काशानी आणि हिजरी साल ९४६, म्हणजे इसवी सन १५३९-४०. तो बहुधा हे काम करवून घेणारा प्रमुख असावा, कारण एका माणसाच्या हातून हे होणं शक्य नाही. इराणमधल्या अर्दबील इथल्या सूफी संत शेख सफीच्या दर्ग्यासाठी जोडीनं दोन गालिचे विणले होते. १८९३ मध्ये संग्रहालयानं दोन हजार पौंडांना हा घेतला. इंग्लंडचा नामांकित नक्षीकार विल्यम मॉरिस यानं त्याची जोरदार शिफारस केली होती. दुसऱ्याचे तुकडे वापरून हा दुरुस्त केलेला आहे, म्हणून तो दुसरा आज किनारीविना लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात आहे. मला प्रत्येक वेळी त्या दुसऱ्याचंच वाईट वाटतं.

पोटोबा

गौरी, वाचूनच लंडनचं तिकीट काढावंसं वाटलं.

पळसपान

ते दोन दिवे लहान-मोठे आहेत ना? मी असं ऐकलंय की विणकर मुद्दाम एक चूक ठेवतात, कारण परिपूर्ण फक्त ईश्वर.

लंडनची_गौरी

हो, एक लहान, एक मोठा. काही जण म्हणतात, लहान दिव्याच्या बाजूला बसलं की दोन्ही सारखे दिसावेत म्हणून तसं केलं. पण त्या काळच्या इराणी चित्रकलेत असा दूर-जवळचा हिशेब धरल्याचा पुरावा नाही. मुद्दाम ठेवलेला दोष, हेही एक मत आहे.

शंकासूर

मुद्दाम चुकीची गोष्ट मला अजिबात पटत नाही. लाखो गाठी मारणाऱ्या माणसाला चूक ‘ठेवावी’ लागत नाही, ती आपोआप होते. दुकानदाराला मात्र ही गोष्ट फार सोयीची. गालिचा वाकडा असला तरी भक्तिभावानं विकता येतो.

हिशेबनीस

शंकासूरांशी सहमत. लाखोंचा हिशेब करून टाकू.

तब्रीझकडे गाठींची दाटी ‘रज’मध्ये मोजतात. साधारण ७ सेंटीमीटरात जितक्या गाठी, तितके रज. ५० रज म्हणजे सेंटीमीटरला ७ गाठी, चौरस सेंटीमीटरला ५० च्या आसपास. गौरीताईंच्या अर्दबीलचीही दाटी जवळपास एवढीच भरते. आता २ बाय ३ मीटरचा, दिवाणखान्यात मावेल असा गालिचा घ्या. ६०,००० चौरस सेंटीमीटर, म्हणजे ३० लाख गाठी. सरावलेला हात दिवसाला ८,००० गाठी मारतो असं धरलं तर एकट्या माणसाला ३७५ दिवस. त्यात एकही सुट्टी नाही, आणि लोकर कातणं, रंगवणं, ताणा लावणं, कातरणं वेगळं.

यानंतर ज्याला किंमत घासाघीस करून निम्म्यावर आणायची असेल त्यानं आणावी, माझ्यानं तरी होणार नाही.

मंजिष्ठा

हिशेबनीस, अगदी! एक भर घालते. गाठ दोन ताण्यांवर मारायची ती चार ताण्यांवर मारली की काम निम्म्यावर येतं. तिला ‘जुफ्ती’ म्हणतात. वरून नक्षी बरी दिसते, पण लव विरळ पडते आणि लवकर झिजते. ईशान्य इराणमधल्या खोरासानकडच्या मालात ही खोड पूर्वी बरीच होती. म्हणून नुसत्या नक्षीवर जाऊ नका असं मी परत परत सांगतेय.

मस्कतकर

आमच्या मस्कतच्या सुलतान काबूस मशिदीचा गालिचा इराणीच. ज्यांना इराणला जाणं जमत नाही त्यांनी निदान हा बघावा. मुख्य सभागृहभर एकच अखंड गालिचा, ४,३४३ चौरस मीटर, वजन २१ टन, १७० कोटी गाठी. खोरासानमधल्या ६०० विणकर बायकांनी तो ५८ तुकड्यांत विणला आणि इथे आणून जोडला. सगळं मिळून चार वर्षं लागली. पाहुण्यांना निळ्या पट्टीवरूनच चालायला लागतं, गालिच्यावर पाय ठेवता येत नाही. मी जोड शोधत फिरलो, एकही सापडला नाही.

आणि मंजिष्ठाताई, तुमच्या प्रश्नाला धरून: यात तब्रीझ, काशान आणि इस्फहान अशा तिन्ही परंपरांची नक्षी एकत्र केलीय, आणि विणला खोरासानात. आता याला काय नाव देणार?

शंकासूर

मस्कतकर, तुमच्या तोंडात साखर पडो.

मंजिष्ठा

मस्कतकर, त्याला ‘खोरासानात विणलेला, तिन्ही परंपरांच्या नक्षीचा’ असंच म्हणावं. लांबलचक आहे, पण खरं आहे.

किनारपट्टी

सगळे शहरातल्या आणि दरबारातल्या गालिच्यांवरच बोलताय. भटक्यांचं कुणीच काढलं नाही.

माझी नोकरी जहाजावरची. एकदा बंदर अब्बासला मुक्काम लांबला तेव्हा शिराझला जाऊन आलो. तिथल्या वकील बाजारात कश्काई लोकांच्या गालिच्यांचे ढीग होते आणि मी ताजमहाल पाहूनही झालो नव्हतो इतका गप्प झालो. लाल विटकरी रंगावर तीन चौकटी एकाखाली एक, आणि उरलेल्या जागेत शेळ्या, कोंबड्या, फुलं, एखादा माणूस, जिथे जागा मिळेल तिथे. दोन बाजू कधीच एकसारख्या नाहीत. दुकानदार म्हातारा होता. त्यानं सांगितलं की बायका नकाशा समोर ठेवत नाहीत, सगळं डोक्यातून येतं. तीच बाई पुन्हा विणायला बसली तरी तसाच दुसरा होत नाही.

त्यांचा माग आडवा असतो, जमिनीत खुंट्या ठोकून ताणलेला. डोंगरात उन्हाळी कुरणाकडे निघायची वेळ झाली की अर्धा विणलेला गालिचा मागासकट गुंडाळतात आणि नव्या मुक्कामी पुन्हा ताणतात. ताण तंतोतंत पहिल्यासारखा बसत नाही, म्हणून कडा थोड्या आत-बाहेर होतात. मी कडेवरून बोट फिरवत गेलो आणि एका ठिकाणी रुंदी बदललेली लागली. म्हातारा म्हणाला, "इथे तंबू हलला."

आणि ‘गब्बे’! जाड लव, हातानं कातलेली लोकर, गाठी थोड्या. सगळं मैदान एकाच पिवळ्या किंवा लाल रंगाचं, आणि एका कोपऱ्यात बोटाएवढी शेळी. शंभर शाह अब्बासी फुलं मी या शेळीवरून ओवाळून टाकीन.

विणकर_नात

किनारपट्टीकाका, काय लिहिलंय! तंबू हलला, हे वाचून दोन मिनिटं पुढे जाताच आलं नाही.

मंजिष्ठा

काका, तुमचं म्हणणं युनेस्कोलाही पटलं असावं. २०१० मध्ये त्यांनी मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत काशानचं गालिचाकाम आणि फार्स प्रांतातलं गालिचाकाम अशी दोन वेगळी नावं घातली. कश्काई फार्समधलेच. फार्समध्ये पुरुष लोकर कातरतात आणि माग उभा करतात, सूत कातणं, रंगवणं, विणणं बायकांकडे. काशानमध्येही विणणाऱ्यांत दोन तृतीयांशाहून जास्त बाया आहेत. तरी दर्ग्यातल्या आणि दरबारातल्या गालिच्यावर नाव आलंच तर बहुतेक पुरुषाचं.

शहरातल्या कार्यशाळांत नकाशा असतो, चौकोनी कागदावर घर न् घर रंगवलेला. काही ठिकाणी एक जण तो गाऊन वाचायचा: दोन निळे, एक पांढरा, तीन लाल... आणि मागावर बसलेल्या सगळ्या जणी त्या तालावर गाठी मारायच्या.

पळसपान

काश्मीरचं ‘तालीम’ तसंच ना? तिथे तर चित्रसुद्धा नसतं, रंग आणि गाठींची संख्या सांगणारी सांकेतिक लिपी असते. ती वाचली जाते. श्रीनगरला एका घरात ऐकलंय.

सह्यकडा

कोयरीबद्दल कुणी बोलेल का? आमच्या आजीच्या शालूवर, मेंदीत, रांगोळीत, सगळीकडे कोयरी. इराणी गालिच्यावरही तीच. मूळ आपलंच असणार, तिकडे आपल्याकडून गेली असेल!

शंकासूर

सह्यकडा, जगातली प्रत्येक चांगली गोष्ट आपल्याकडून गेलेली नसते.

मंजिष्ठा

भांडू नका. इराणमध्ये तिला ‘बोतेह’ म्हणतात. कुणी म्हणतं तो वाऱ्यानं शेंडा वाकलेला सरू (सायप्रसचं झाड), कुणी म्हणतं ज्योत, कुणी झुडूप, कुणी बदाम. मला सरूचं म्हणणं जास्त पटतं, कारण सरूचं झाड इराणी कलेत फार जुनं आहे आणि काही जुन्या बोतेहांचा बुंधा अगदी झाडासारखा दिसतो. काश्मीर आणि इराणमधलं केरमान या दोन्हीकडे बोतेहच्या शाली विणल्या जायच्या आणि मुघल-सफवी काळात दोन्हीकडचे कारागीर, नमुने सारखे ये-जा करत होते. त्यामुळे ‘आधी कोण’ यापेक्षा ती इतक्या हातांतून फिरली हेच मला मोठं वाटतं. केरमानचं पुढे काय झालं ते बघा: एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शालींची मागणी पडली, तेव्हा शालीचे नक्षीकार आणि विणकर गालिच्याकडे वळले. म्हणून केरमानच्या गालिच्यात इतके रंग आणि इतकी नाजूक रेघ असते.

जयपूरवाले_जोशी

केरमानचं नाव निघालंय तर सांगतो. आमच्या जयपूरला अल्बर्ट हॉल संग्रहालयात बागेच्या नक्षीचा अवाढव्य इराणी गालिचा आहे. आमेरच्या महालात सापडला होता. १६३२ सालची नोंद त्यावर आहे, म्हणजे त्याआधीचा, आणि तो केरमानचा मानतात. वरून पाहिलेली बाग विणलीय: पाण्याचे पाट एकमेकांना छेदतात, मधोमध मंडप, पाटांत मासे आणि बदकं, दोन्ही काठांनी झाडं, झाडांवर पक्षी. पाण्याच्या लाटासुद्धा विणल्यात. लोक राजवाडे बघायला येतात आणि याच्यासमोरून पुढे निघून जातात, तेव्हा मला त्यांना हाताला धरून थांबवावंसं वाटतं. त्यासाठी लंडनचं तिकीट लागत नाही, पोटोबा.

पोटोबा

जोशीबुवा, जयपूर पक्कं. कचोरी आणि गालिचा.

पळसपान

रंगांबद्दल लिहा की कुणीतरी. आणि मंजिष्ठा, तुझं नावच रंगाचं.

मंजिष्ठा

म्हणूनच घेतलंय! आपल्या मंजिष्ठेची चुलत बहीण म्हणजे इराणची ‘रुनास’. तिच्या मुळांपासून विटकरीपासून गडद लालपर्यंत सगळे लाल निघतात. निळा निळीचा. पिवळ्यासाठी ‘इस्परक’ नावाची वनस्पती, डाळिंबाची साल, आणि तपकिरीसाठी अक्रोडाची हिरवी टरफलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वस्त रासायनिक रंग आले आणि काही वर्षांत उडाले, पसरले. इराणच्या काजार राजांच्या शासनानं त्यांच्यावर बंदी घातली होती, इतकी बदनामी झाली.

एकाच निळ्या मैदानात मध्येच फिकट-गडद पट्टे दिसले तर त्याला ‘अबराश’ म्हणतात. लोकर थोडी थोडी रंगवली, दुसऱ्या घाण्याचा रंग किंचित वेगळा आला. भटक्यांच्या गालिच्यात ते शोभतं. यंत्रवाले हल्ली ते मुद्दाम छापतात.

दमट_दादर

मी फसलेय, म्हणून सांगते. एका दुकानात ‘शुद्ध रेशमी कुम’ म्हणून छोटा गालिचा घेतला. इतका चमकायचा की विचारू नका. पावसाळ्यात त्यावर पाणी सांडलं, आणि तेवढी जागा कडक होऊन लव आडवी पडली, परत उठलीच नाही. जाणकारांना दाखवला तेव्हा कळलं की ते व्हिस्कोस, म्हणजे रेशमासारखा चमकणारा कृत्रिम धागा आहे. दशासुद्धा मागाहून शिवलेल्या होत्या.

मंजिष्ठा

फार वाईट वाटलं वाचून. बाकीच्यांनी एवढं तरी तपासा. गालिचा पालथा करा. हातानं विणलेल्यात नक्षी पाठीवरही वरच्याइतकीच स्पष्ट दिसते आणि गाठी किंचित लहान-मोठ्या असतात. दशा म्हणजे ताण्याचीच टोकं, त्या गालिच्याच्या अंगातूनच यायला हव्यात. रेशमाबद्दल शंका असेल तर लवेचा एक तंतू जाळून बघा: रेशमाला जळक्या केसांचा वास येतो, व्हिस्कोसला कागदाचा. जो विक्रेता एक तंतू द्यायला कां-कूं करतो त्याच्याकडून घेऊ नका.

सह्यकडा

आणि कसर? मुंबई-कोकणात लोकरीचं काही टिकतच नाही.

दमट_दादर

वापरात ठेवलेल्याला कमी लागते. पलंगाखाली, कपाटाखाली दबलेला भाग आधी खातात. मी महिन्यातून एकदा उलटा करून पाठ झाडते आणि उन्हं तिरपी असताना गॅलरीत घालते. घडी घालू नये, गुंडाळावा. कडुलिंबाचा पाला माझी सासू ठेवायची, मीही ठेवते.

किनारपट्टी

इराणमध्ये नवरोझच्या, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या आधी सगळं घर झाडून काढतात आणि गालिचे धुतात. काशानजवळ मशहद-ए-अर्देहालला तर गालिचा धुण्याचा धार्मिक विधीच आहे. इमामपुत्र सुलतान अली यांच्या आठवणीत लोक मिरवणुकीनं गालिचा ओढ्यावर नेतात. तोही युनेस्कोच्या यादीत आहे, २०१२ पासून. ज्या देशात गालिच्याभोवती शोक आणि श्रद्धा एवढी गुंफलेली आहे तिथल्या गावाचं नाव कुठल्याही सतरंजीला चिकटवायचं हे मलाही खटकतं. मंजिष्ठाताईंना माझं मत.

हिशेबनीस

यात बाजाराचाही हात आहे. अमेरिकेनं २०१० मध्ये इराणी गालिच्यांची आयात बंद केली, इराणबरोबरच्या अणुकरारानंतर २०१६ मध्ये उघडली, २०१८ मध्ये पुन्हा बंद. आपल्या गालिच्यांचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक अमेरिकाच. तिथल्या माणसाला काशान हवा आणि इराणमधून आणता येत नाही. मग ‘काशान’ भदोहीतून जाणारच.

विणकर_नात

हेच मला बोलायचंय. यात इराणी विणकराचं नुकसान आहेच, पण भदोहीच्या विणकराचंही आहे. भदोहीच्या हातविणीच्या गालिच्यांना २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी पैठणीलाही मिळालं. म्हणजे त्याच्याकडे स्वतःचं नाव आहे. अकबराच्या काळापासून आपल्याकडे गालिचे विणले जातात. तरी त्याचं काम दुसऱ्याच्या नावानं विकायचं, म्हणजे चांगलं झालं तर काशानचं कौतुक आणि वाईट निघालं तर ‘नकली’. माझ्या आजोबांची चादर दुसऱ्या गावाच्या शिक्क्यानं विकली असती तर त्यांनी माग मोडून टाकला असता.

शंकासूर

नात, हे पटलं. मग माझा प्रस्ताव असा: चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहाव्यात. नक्षी काशान, गाठ फारसी, विणकाम भदोही. कुणाचंच नाव बुडत नाही. नक्षीला फिरू द्या, ती फिरणारच, पण गाव लपवू नका.

मंजिष्ठा

शंकासूर, ही चिठ्ठी मला चालेल. फक्त उलट्या क्रमानं. विणकाम आधी.

लंडनची_गौरी

+१. आणि यंत्राचा असेल तर ‘यंत्र’ हे मोठ्या अक्षरात.

नवा_सदस्य

पहिल्यांदाच लिहितोय. आमच्याकडे पणजोबांच्या वेळचा एक गालिचा आहे, ते रेल्वेत होते. लाल-निळा, मधलं पदक कोनाकोनाचं, गोलाई कुठेच नाही. काका म्हणतात तब्रीझचा, आत्या म्हणते हेरीझचा. पैज लागलीय. कसं ठरवायचं?

मंजिष्ठा

गोलाई नाही म्हणजे तब्रीझ शहरातला असण्याची शक्यता फार कमी. हेरीझ त्याच मुलुखातलं, पण तिथल्या विणकरांनी शहराची गोल वेल घेतली आणि तिला सरळ रेषांत, कोनांत बसवली. मोठं अष्टकोनी पदक, विटेसारखा लाल, जाड अंग. पण नक्षीवरून निकाल देणार नाही! पाठीचा जवळून फोटो टाका, शेजारी एक नाणं ठेवा.

नवा_सदस्य

टाकला. पाठीवर गाठींच्या मधे पांढरे ठिपके दिसतायत, एका ओळीत इकडे तर पुढच्या ओळीत तिकडे.

मंजिष्ठा

वा! मग पैज बहुधा दोघंही हरले. गाठींच्या दोन ओळींमध्ये बाण्याचा एकच धागा टाकला की तो असा एकाआड एक ठिपक्यांनी पाठीवर दिसतो. हेरीझमध्ये एकाहून जास्त बाणे असतात, असे ठिपके येत नाहीत. हा बहुधा हमदानच्या आसपासच्या एखाद्या खेड्यातला आहे. तिथे शेकडो गावं विणतात, आणि गावागणिक पदक बदलतं. कुठलं गाव ते किनारीवरून कळू शकेल, तेव्हा किनार आणि दोन्ही टोकांचे फोटोही टाका. तोवर कृपा करून ड्रायक्लीनवाल्याकडे देऊ नका, आणि ती उसवलेली उजवी कड आधी बांधून घ्या, तिथून गाठी सुटायला लागल्यात.

नवा_सदस्य

संध्याकाळी टाकतो. काका मान्य करायला तयार नाहीत, त्यांना हा धागाच वाचायला दिलाय.